बारावीनंतर भत्ता का थांबतो? अपंग मुलांचे उच्च शिक्षण आणि आपला हिशेब

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला, तेव्हा दोघा-तिघांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "हा तर समाजकल्याण खात्याचा विषय. युनियनच्या व्यासपीठावर कशाला?" प्रश्न रास्त आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, ठेकेदारी वाढते आहे, जुन्या पेन्शनचे भांडण मिटलेले नाही. अशा वेळी अपंग मुलांच्या कॉलेजचे काय घेऊन बसलात, असे कोणालाही वाटेल. आमचे उत्तर एवढेच की, ज्या गोष्टीवरून आपल्या घरात एक पगार येणार की घरातला एक पगार जाणार हे ठरते, ती गोष्ट युनियनची आहे. म्हणून आज दयेबद्दल बोलणार नाही. रुपये-आण्यांतच बोलणार आहोत.

आणखी एक खुलासा. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' असे लिहितात. आम्ही बोलताना जुनाच शब्द वापरतो, त्यात अनादर नाही. शब्द बदलल्याने एखाद्या कॉलेजच्या पायऱ्या कमी झाल्या असे मात्र आमच्या पाहण्यात नाही.

सुरुवात येथूनच करू. या वसाहतीत आपल्यातले एक कुटुंब राहत होते. गृहस्थ टपाल खात्यात, बदलीवर दिल्लीत आलेले. थोरल्या मुलाचे जन्मापासून पाय चालत नाहीत, हात आणि डोके उत्तम. वहिनी बाजारातल्या दुकानदारांचे शिवणकाम घरी आणत. सरोजिनी मार्केटात कपड्यांची विक्री किती होते ते तुम्हाला सांगायला नको. कोणाची बाही आखूड करायची, कोणाची कंबर घालायची, कोणाचे फॉल-पिको, असे रोज काहीतरी असे आणि त्यावर घरभाड्याच्या आसपास रक्कम सुटत असे. मुलगा बारावी चांगल्या गुणांनी पास झाला आणि कॉलेजला लागला. त्यानंतर आम्ही गेलो तर शिवणयंत्रावर कापड झाकलेले. विचारले, "वहिनी, काम का सोडले?" त्या म्हणाल्या, "भाऊ, त्याला जिना कोण चढवणार? सकाळी मी घेऊन जाते, तास संपेपर्यंत बाहेर बसते, दुपारी परत आणते. यंत्रावर बसू कधी?"

कॉलेजच्या दारात पाच-सहा पायऱ्या आणि वर्ग पहिल्या मजल्यावर. त्या पायऱ्यांवरून व्हीलचेअर वर नेण्यासाठी एका बाईचा सगळा दिवस खर्ची पडत होता. मुलाच्या शिक्षणाचा खर्च म्हणून आपण फी धरतो, पुस्तके धरतो. वहिनींची बुडालेली मजुरी कोणी धरली नव्हती. त्यांनी स्वतःही धरली नव्हती.

पुढे ६ ऑगस्ट २०१८ रोजी मेट्रोच्या पिंक लाइनचे सरोजिनी नगर स्टेशन सुरू झाले. येथून निघाले की भिकाजी कामा प्लेस, मग मोती बाग आणि तिसरे स्टेशन दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस. स्टेशनात लिफ्ट, फलाट आणि डबा एका पातळीत, डब्यात व्हीलचेअरला जागा. मुलगा एकटा जाऊ लागला. कॉलेजानेही वर्ग खाली आणला आणि पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार केला. त्यासाठी अर्ज किती झाले ते विचारू नका. महिन्याभरात शिवणयंत्रावरचे कापड निघाले. सरकारने त्या घराला एक रुपया अनुदान दिले नव्हते. फक्त वाट मोकळी झाली होती, आणि घरात एक मजुरी परत आली होती. मुलाची स्वतःची कमाई ही तर त्यानंतरची गोष्ट.

त्या स्टेशनाला ज्यांचे नाव आहे त्या दुर्गाबाई म्हणजे आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव पुढे १९६२ ते १९६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते हे आपल्याला ठाऊक असते. दुर्गाबाई येथल्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनच्या अध्यक्षा होत्या आणि त्यांनी अंध मुलांसाठी शाळा-वसतिगृहाबरोबर हलक्या अभियांत्रिकी कामाचा कारखाना काढला होता, हे फारसे ठाऊक नसते. शिक्षणाच्या शेजारी कारखाना उभा करणे, हा त्यांचा हिशेब आम्हाला पटतो.

आता देशाचे आकडे. थोडेच सांगतो, पण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यात महाराष्ट्रातले २९ लाखांहून अधिक. जाणकार म्हणतात की ही मोजणी कमीच आहे, पण तीच धरू. त्यांतले पदवीपर्यंत पोहोचलेले शंभरात साधारण पाच. २०१८ साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने खास पाहणी केली, तेव्हा पंधरा वर्षांवरील अपंगांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून जास्त शिकलेले १९.३ टक्के निघाले. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून २३.८ टक्के. त्याच सुमारास सगळ्या लोकसंख्येत हे प्रमाण निम्म्याच्या घरात होते. म्हणजे बाकीची तीन-चतुर्थांशांहून अधिक अपंग माणसे नोकरी शोधतसुद्धा नाहीत. ती बेकारांच्या आकड्यातही येत नाहीत. घरात बसलेली आहेत, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर घरातली आणखी एक बाई बसलेली आहे.

कॉलेजांचा आकडा याहून वाईट आहे. केंद्र सरकारच्याच उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत अपंग ८८,७४८. हजारी दोन. लोकसंख्येत शंभरी दोन आणि कॉलेजात हजारी दोन! २०१६ च्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के व त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायला सांगितले आहे, वयात पाच वर्षांची सूटही दिली आहे. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षणसंस्थांना ते पाळायला बजावले. जागा राखल्या जातात, पण त्या भरायला तेवढी मुले बारावीच्या पुढे येतच नाहीत. मधल्या मधे ती कुठे गळतात?

ती आपल्या घरांत गळतात. येथे आम्हाला जरा कडू बोलावे लागेल.

आपण सरकारी नोकर. अपंग मूल असले की त्याच्या बापाला ऑफिसातले जुने सहकारी कोणता सल्ला देतात? "सिव्हिल सर्जनचे सर्टिफिकेट करून ठेव. तुझ्या मागे वहिनींना फॅमिली पेन्शन, त्यांच्या मागे पोराला जन्मभर. काळजी मिटली." सल्ला वाईट हेतूने दिलेला नसतो आणि नियमही खरा आहे. जुन्या पेन्शनमध्ये उपजीविका कमावू न शकणाऱ्या अपंग मुलाला जन्मभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हे आपल्या चळवळीने मिळवलेले आणि टिकवलेले संरक्षण आहे, त्याला धक्का लागता कामा नये. पण त्याचा एक दुष्परिणाम आम्ही अनेक घरांत पाहिला. पेन्शनसाठी मूल 'असमर्थ' असावे लागते. मग ते असमर्थ राहण्यातच घराचे हित आहे, असे घराला वाटू लागते. पोराने कॉलेजात जाऊन काय करायचे? नोकरी लागली तर पेन्शन जाईल, आणि ती नोकरी सुटली तर? या भीतीपोटी मुलगा बारावीनंतर घरी बसतो. आईबाप त्याला प्रेमानेच घरी बसवतात.

फेब्रुवारी २०२१ च्या आदेशाने यात थोडी सुधारणा झाली. पूर्वी अपंग मुलाचे उत्पन्न नऊ हजार आणि त्यावरील महागाई भत्त्याच्या पुढे गेले की हक्क संपे. आता त्याचे स्वतःचे उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई मदत यापेक्षा कमी असेल, तर हक्क राहतो. म्हणजे लहानसहान कमाईला आता भिण्याचे कारण नाही. ही गोष्ट किती शाखांनी आपल्या सभासदांना सांगितली?

आता दुसरी बाजू पाहा. मुलांच्या शिक्षणासाठी आपल्याला सी.ई.ए. म्हणजे शिक्षण भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो मुलामागे महिना २,२५० रुपये झाला आणि अपंग मुलासाठी दुप्पट. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर १ जानेवारी २०२४ पासून तो २,८१२.५० झाला, अपंग मुलासाठी ५,६२५. दुप्पट का, तर अपंग मुलाच्या शिक्षणाला खर्च जास्त येतो हे सरकारने मान्य केले आहे. उत्तम. पण हा भत्ता नर्सरीपासून बारावीपर्यंत. वयाची अट इतर मुलांना वीस, अपंग मुलाला बावीस. बारावी झाली की भत्ता बंद. कायद्यातली मोफत शिक्षणाची हमीसुद्धा ३१ व्या कलमात सहा ते अठरा वर्षे एवढीच आहे.

शाळा गल्लीत असते, कॉलेज लांब असते. शाळेत बाई मुलाला ओळखतात, कॉलेजात ऐंशी जणांचा वर्ग. लेखनिक लागतो, रिक्षा लागते, बोलणारा संगणक लागतो, सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. नेमका जिथे खर्च वाढतो तिथे मदत संपते, आणि नेमकी तिथेच पेन्शनची आशा सुरू होते. बाप एका बाजूला बंद झालेला भत्ता पाहतो, दुसऱ्या बाजूला जन्मभराची पेन्शन पाहतो. तो काय ठरवील हे सांगायला अर्थशास्त्री नको.

आता हिशेब करू. आकडे सोपे धरतो, घरी जाऊन पडताळून पाहा.

अपंग मुलाचा भत्ता पदवीची तीन वर्षे चालू ठेवला, तर सरकारला किती पडेल? महिना ५,६२५ प्रमाणे छत्तीस महिन्यांचे २,०२,५००. दोन लाख अडीच हजार. आता समजा बाप निवृत्त होताना त्याचा मूळ पगार ५०,००० आहे. त्याचे साधे कुटुंब निवृत्तिवेतन १५,००० आणि वर महागाई मदत. महागाई मदत सोडून देऊ. मुलगा पदवी घेऊन कमावता झाला आणि हे निवृत्तिवेतन त्याला घ्यावे लागले नाही, तर सरकारने भत्त्यावर केलेला सगळा खर्च साडेतेरा महिन्यांत भरून निघतो. साडेतेरा महिने! आणि असे निवृत्तिवेतन आईबापांच्या पश्चात वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालते.

कोणी म्हणेल, पदवी घेतलेल्या प्रत्येकाला नोकरी कुठे लागते? बरोबर. धडधाकट पोरे बी.ए. होऊन फिरताहेत. म्हणून तिघांतला एकच नोकरीला लागला असे धरू. तरी तिघांवरचा खर्च त्या एकाच्या पेन्शनबचतीतून साडेचाळीस महिन्यांत निघतो, साडेतीन वर्षांच्या आत. ही बचत आज हाती येणारी नाही, आईबाप गेल्यावरची आहे, हेही खरे. पण सरकार रेल्वेचा पूल बांधते तेव्हा तो पहिल्या वर्षी पैसे फेडतो का? आणि यात आम्ही मुलाचा पगार धरलेलाच नाही. पदवी मागणाऱ्या पोस्टल असिस्टंटच्या जागेचा सुरुवातीचा मूळ पगार २५,५०० आहे, त्यावर भत्ते. १५,००० च्या पेन्शनशी तुलना करून पाहा. त्यातून तो कापड घेणार, रेशन भरणार, कर भरणार, लग्न झाले तर संसार करणार. त्याच्या आईचे किंवा बहिणीचे मोकळे झालेले हातही आम्ही धरलेले नाहीत.

देशाच्या पातळीवर हाच हिशेब २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या एका अभ्यासाने आशिया आणि आफ्रिकेतल्या दहा देशांसाठी मांडला होता. अपंगांना कामाबाहेर ठेवल्याने राष्ट्रीय उत्पन्नाचे ३ ते ७ टक्के नुकसान होते, असा त्याचा निष्कर्ष. भारत त्या दहांत नव्हता. पण आपल्याकडे नुकसान कमी असेल असे मानायला वरच्या आकड्यांवरून तरी जागा दिसत नाही.

तरुण मित्रांसाठी एक सूचना. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन योजना आली. तिच्यात निवृत्तीनंतर सभासद वारला तर ६० टक्के रक्कम जोडीदाराला मिळते. जोडीदाराच्या मागे अपंग मुलाला जन्मभर काही, अशी जुन्या नियमासारखी तरतूद तीत नाही. मागची पिढी अपंग मुलाला पेन्शनच्या भरवशावर घरी बसवू शकत होती. तुम्हाला तोही मार्ग राहिलेला नाही. आणि ग्रामीण डाक सेवकाच्या घरी तर तो कधीच नव्हता. ही तरतूद मिळवण्यासाठी भांडायचे आहेच, पण मूल तोपर्यंत थांबत नाही. ते दरवर्षी एक इयत्ता पुढे जाते.

आता नोकरीकडे वळू, कारण शिक्षणाची वाट नोकरीच्या दारात अडली तर सगळा खर्च वाया. येथे आपल्याच खात्याची गोष्ट सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील. लहानपणीच दृष्टी गेली. मुंबईत शाळा, मग सेंट झेवियर्स कॉलेज. त्या कॉलेजात २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र साधनकेंद्र आहे. पुढे त्या येथे दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकल्या. पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अभ्यास केला आणि लोकसेवा आयोगाच्या २०१५ च्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवला. नेमणूक आली भारतीय रेल्वे लेखा सेवेत. आणि रेल्वेने पूर्ण अंधत्वाचे कारण दाखवून घेतले नाही. मित्रहो, उल्हासनगरच्या मुलीने मुंबईला शिकायला जायचे ते आपल्याच लोकलने. प्रवासी म्हणून ती चालली, लेखा खात्यात चालली नाही! त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक आला, भारतीय प्रशासन सेवेत गेल्या. २०१८ मध्ये केरळात एर्नाकुलमला असिस्टंट कलेक्टर आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमच्या सबकलेक्टर झाल्या. जिल्ह्याचा कारभार पाहू शकणाऱ्या माणसाला हिशेबाच्या वह्या पाहता आल्या नसत्या, हे कसे मानायचे?

त्या हुशार, म्हणून पुन्हा वर आल्या. पण दुसरी संधी प्रत्येकाला मिळत नाही. एका विद्यार्थिनीवर शाळा, कॉलेज, विद्यापीठ यांनी वीस वर्षे खर्च केलेला असतो. वैद्यकीय तपासणीतल्या एका शेऱ्याने तो परत शून्यावर येतो. आणि ती बातमी गावोगाव पोहोचते. "एवढी शिकली तरी घेतले नाही" हे ऐकून किती आईबापांनी मुलीचे नाव कॉलेजातून काढले असेल, त्याची नोंद कोणत्याही खात्यात नसते.

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारने १९७७ मध्ये क आणि ड गटांत ३ टक्के जागा अपंगांसाठी ठेवल्या. डिसेंबर १९९५ मध्ये संसदेबाहेर अपंगांनी धरणे धरले, जावेद अबिदी आणि त्यांचे सहकारी त्यात पुढे होते, आणि त्याच आठवड्यात अपंगांचा कायदा संसदेत मंजूर झाला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याने अ आणि ब गटांची दारे उघडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हे ३ टक्के सगळ्या गटांत एकूण रिक्त जागांवर मोजा. २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के झाले. कोणती जागा अपंगाला 'योग्य' हे ठरवण्याची किल्ली मात्र खात्यांकडे राहिली. त्या याद्यांवर आपल्या संघटनांनी आजवर किती वेळा बैठक मागितली? आम्ही स्वतःलाच विचारतो आहोत.

सोयींचा खर्च फार येतो, अशी नेहमीची तक्रार असते. रेल्वेवाल्यांना एक जुनी आठवण देतो. १९७७ मध्ये मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले तेव्हा दुसऱ्या वर्गात लाकडी फळ्यांवर झोपावे लागे. त्यांनी दोन इंच फोम घालायला लावला. त्याच डिसेंबरात मुंबई ते हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली, वर्गभेद नसलेली गाडी. गरिबाच्या पाठीखाली गादी आली म्हणून रेल्वे बुडाली नाही. रॅम्पचेही तसेच आहे. कॉलेजला उतार केला तर त्यावरून व्हीलचेअर जाते, प्रयोगशाळेचे सामानही जाते, गुडघे धरलेले प्राध्यापकही जातात. आमच्या आर.एम.एस.च्या बांधवांना विचारा, टपालाच्या पिशव्यांची हातगाडी फलाटावर उताराने नेणे सोपे की पायऱ्यांनी?

करायचे मनात असले की पैसे आणि वेळ दोन्ही निघतात. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले. अबिदींनी धसास लावल्यावर कुतुबमिनारसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी रॅम्प बसले. पाहुणा जगप्रसिद्ध होता. आमच्या वहिनींचा मुलगा जगप्रसिद्ध नव्हता, एवढाच फरक.

आणि याबाबतीत आपली दोन खाती सर्वस्वी मागे आहेत असेही नाही, हे अभिमानाने सांगायला हवे. अंधांसाठीचे वाचनसाहित्य टपाल खाते सात किलोपर्यंत जमिनीवरच्या टपालाने फुकट नेते. ब्रेलमधले एक पाठ्यपुस्तक म्हणजे जाडजूड चार-पाच खंड. आमच्या पोस्टमन बांधवांनी ती गाठोडी सायकलीवर वाहिली म्हणून कितीतरी अंध मुलांच्या परीक्षा झाल्या. रेल्वेत अपंगाला आणि त्याच्या सोबत्यालाही भाड्यात सवलत आहे. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांसह बहुतेक सवलती थांबल्या, तेव्हाही अपंगांची राहिली. मुंबईच्या लोकलमधला अपंगांचा डबा नसता तर कल्याण-विरारच्या किती मुलांनी दक्षिण मुंबईचे कॉलेज पाहिले असते? तो डबा ठरावीक जागी येतो का आणि त्यात दुसरेच प्रवासी घुसतात का, हा प्रश्न त्या मुलांच्या शिक्षणाचा आहे. तो आपल्या हातातला आहे.

शेवटी आपल्याविषयी. अपंगत्व म्हणजे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, असे समजू नका. रुळावर काम करणाऱ्याला पाय गमवायला एक क्षण पुरतो. ए-वन वर्गातल्या लोको पायलटची नजर कमी झाली की तो इंजिनावरून उतरतो. १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमामुळे आणि आता २०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमामुळे त्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, ते नसेल तर ज्यादा जागा निर्माण करून ठेवावे लागते. पण दुसरे काम म्हणजे काय? आमच्या पाहण्यात असे आहे की डीकॅटेगराइज झालेला बांधव फारसा शिकलेला नसेल तर त्याला कोपऱ्यात स्टूल देऊन बसवतात. पगार मिळतो, बढती खुंटते, माणूस खचतो. तोच पदवीधर असेल तर ऑफिसात त्याच्या हाताला काम असते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, येथे मैदान गढीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून. नोकरी करता करता घरी बसून पदवी घेता येते. अपघातानंतरच्या रजेत हातात पुस्तक द्यायला शाखेचा एक माणूस हॉस्पिटलात गेला पाहिजे. फळे घेऊन आपण जातोच, त्याबरोबर प्रवेशाचा अर्ज न्या.

आता करायचे काय ते सांगून थांबतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. अपंग मुलाचा शिक्षण भत्ता बारावीवर न थांबता पदवी आणि पदविका पूर्ण होईपर्यंत मिळावा, वयाची बावीस वर्षांची अट त्यासाठी काढावी, ही मागणी वेतनाच्या वाटाघाटींत आपल्या महासंघाने साडेतेरा महिन्यांच्या हिशेबासह मांडावी असा ठराव आजच्या मेळाव्यापुढे ठेवतो. अपंग मुलाने नोकरी धरली आणि ती सुटली, तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आपोआप पुन्हा उभा राहील असे नियमात स्वच्छ लिहून मिळावे, ही दुसरी मागणी. युनिफाइड पेन्शनमध्ये जोडीदारामागे अपंग मुलाचे नाव यावे, ही तिसरी. रेल्वेत पी.एन.एम.च्या पुढच्या बैठकीत अपंगांसाठी ठरवलेल्या जागांची यादी आणि त्यांतल्या न भरलेल्या जागांचा आकडा मागावा. टपालच्या मित्रांनी तोच विषय आपल्या जे.सी.एम.मध्ये लावावा.

आणि हे सगळे करायला माहिती लागते. आज आपल्या एकाही शाखेकडे सभासदांच्या अपंग मुलांची यादी नाही. किती बारावीला आहेत, किती बारावीनंतर घरी बसले, कोणाचे कॉलेज कोणत्या पायरीपाशी अडले, काही माहीत नाही. दारात टेबलावर छापील अर्ज ठेवले आहेत. मुलाचे नाव लिहायचे नसेल तर लिहू नका. वय, इयत्ता आणि कुठे अडले एवढे लिहून द्या. ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनी शेजाऱ्याचा अर्ज घेऊन जावा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही याच ठिकाणी ते गोळा करू.